केजी वनला टाकायचं आहे, घरी काय काय शिकवून ठेवू?

पऱ्हाटी (११ मार्च)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहतो. कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. मुलगा पुढच्या महिन्यात साडेतीन वर्षांचा होईल. ३१ डिसेंबरला चार पूर्ण होतात, म्हणून जूनमध्ये तालुक्याच्या कॉन्व्हेंटला केजी वनमध्ये टाकायचं ठरलं. शाळा ९ किलोमीटरवर, व्हॅन येते. आतापर्यंत गावातल्या अंगणवाडीत जातो. म्हणजे जातो, खिचडी खातो आणि परत येतो.

शाळेत चौकशीला गेलो तर मॅडमनी एक कागद हातात दिला. ए टू झेड लिहिता यावं, १ ते ५० म्हणता यावं, २० पर्यंत लिहिता यावं, पाच रंग इंग्रजीत, स्वतःचं आणि वडिलांचं नाव इंग्रजीत. "नर्सरी केली नाही ना, मग हे घरी करून घ्या. एप्रिलमध्ये छोटासा इंटरव्ह्यू घेऊ."

तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी महाभारत. पेन्सिल दिली की मुठीत धरतो, खुरप्यासारखी. दोन रेघा ओढतो आणि पाटी टाकून कोंबडीमागे पळतो. शेजारी माझ्या चुलत जावेची मुलगी त्याच्याच वयाची, ती घडाघडा एबीसीडी म्हणते. परवा मी त्याला धपाटा घातला. तो दोन मिनिटं रडला, मी रात्रभर. सासूबाई म्हणतात, "कायले त्याच्या मागं लागली? त्याचा बाप सहाव्या वर्षी शाळेत गेला."

तीन महिने हातात आहेत. घरी काय, किती आणि कसं करू?

वैनगंगाकाठ (११ मार्च)

+१. माझीही जूनमध्येच जाणार आहे. बसते इथेच, पाट घेऊन.

तर्रीबाज (११ मार्च)

आमच्या पोट्ट्याच्या इंटरव्ह्यूची गोष्ट. मॅडमनी विचारलं, "बेटा, पापा क्या करते हैं?" हा म्हणाला, "झोपले आहेत." खोटं नव्हतं, मी बाहेरच्या बाकावर खरंच झोपलो होतो. ॲडमिशन झाली.

खडूफळा (११ मार्च)

ताई, तो धपाटा आधी मनातून काढून टाका. आम्ही सगळ्यांनी घातला आहे आणि सगळ्यांनी खाल्लाही आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवतो, सतरा वर्षं झाली. साडेतीनच्या लेकरानं पेन्सिल मुठीत धरली तर काही बिघडलेलं नाही. मनगटात आणि बोटांत जोर यायचा असतो अजून. तो यायच्या आधी गिरवून घेतलं की लेकरू खांद्यापासून लिहितं, पाटीवर असा दाब देतं की लेखणी मोडते, आणि लिहायचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायला लागतं. असं पोटदुखीचं लेकरू माझ्याकडे दरवर्षी एक तरी येतं.

पहिल्या आठवड्यात वर्गात लेकरं कशानं रडतात ते सांगतो. अक्षर येत नाही म्हणून रडलेलं मला एकही आठवत नाही. डब्याचं झाकण उघडत नाही म्हणून रडतात. चड्डीचं बटण निघत नाही, तोवर चड्डीतच होते, मग रडतात. बाटली सांडते. चप्पल हरवते, आणि चप्पल आपली कोणती हेच माहीत नसतं.

आणि नाव! हे तर दरवर्षी. एका वर्षी हजेरीत एक मुलगा तीन दिवस गैरहजर लागला. चौथ्या दिवशी त्याची आजी आली आणि म्हणाली, "गुरुजी, हा तं रोज येते." समोरच बसलेला असायचा. घरी सगळे त्याला गोलू म्हणायचे, हजेरीतलं भारदस्त नाव आपलंच आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तेव्हा आजपासून दिवसातून दोन-चार वेळा शाळेतल्या नावानं हाक मारा, आणि "ओ" म्हणायला लावा.

पऱ्हाटी (११ मार्च)

सर, वाचून थंडच पडले. आमच्याकडे तर त्याला अजून "बाळ्या"च म्हणतात. जन्मदाखल्यावरचं नाव बारशाला घेतलं त्यानंतर कोणीच घेतलं नाही.

सेतूवाला (१२ मार्च)

ताई, दाखल्यावर नाव आहे ना नक्की? की नुसतं "बाळ, पुरुष" लिहिलंय? जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती दवाखान्याकडून होते बहुतेक वेळा, पण नाव टाकायचं राहून जातं. वर्षाच्या आत ते फुकट टाकता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे रांग लागते ती याचीच. आणि दाखला, बाल आधार, शाळेचा फॉर्म या तिन्हीवर इंग्रजी स्पेलिंग एकच ठेवा. एक "ए" कमी-जास्त झाला तर पुढे बारावीपर्यंत पुरतो. बाल आधारवर बोटांचे ठसे नसतात, पाच वर्षं झाली की ते द्यायला परत जावं लागतं, तेही लक्षात ठेवा.

कलमबहाद्दर (१२ मार्च)

इंटरव्ह्यू कसला घेतात? शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घ्यायला मनाई आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. लेखी तक्रार करा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे.

सोयाबीनचा_भाव (१२ मार्च)

साहेब, तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा. केजीला कितपत लागू, यावर वकीलच दोन्हीकडून बोलतात. आणि तक्रार करून लेकरू पुन्हा त्याच वर्गात पाठवायचं? तालुक्यात दुसरं कॉन्व्हेंट तरी कुठंय?

कलमबहाद्दर (१२ मार्च)

म्हणूनच तर चालतंय त्यांचं.

अकोलेकरीण_पुण्यात (१२ मार्च)

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, हलकं घ्या.

"अक्षरांची घाई नको, खेळू द्या" हे ऐकायला फार गोड वाटतं. मी ते ऐकलं होतं. तेव्हा आम्ही मूर्तिजापूरकडे होतो. मुलीला एकही अक्षर न शिकवता मोठ्या अभिमानानं केजीला पाठवलं. वर्गातल्या बाकीच्या पंचवीस जणांना एबीसीडी येत होतं, बाई तिथूनच पुढे सुरू झाल्या. दिवाळीपर्यंत माझी मुलगी शेवटच्या रांगेत होती, आणि "मी ढ आहे" हा शब्द शिकून आली. कोणी शिकवला कोणास ठाऊक. घरी तर आम्ही तो कधीच वापरला नव्हता.

आज ती आठवीत आहे, उत्तम चाललंय. पण ते वर्ष मी विसरलेले नाही. शाळा चुकीची असेल, मान्य. पण लेकराला त्या चुकीच्या शाळेतच बसायचं असतं. पऱ्हाटी, रोज दहा मिनिटं अक्षरओळख कराच. लिहायला नका लावू, पण ओळखू येऊ द्या.

खडूफळा (१२ मार्च)

अकोलेकरीण ताई, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. ओळख आणि लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्हीच सांगितलंत. ओळख करायला पाटी लागत नाही. बियाण्याच्या पिशवीवर, एसटीच्या पाटीवर, बिस्किटाच्या पुड्यावर अक्षरं असतातच. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर दाखवा आणि "हे तुझं" म्हणा. दोन दिवसांत तो सगळ्या गावात आपलं अक्षर शोधत फिरेल.

शासनही आता हेच सांगतं, तेवढं जाता जाता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ३ ते ८ वयाचा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, त्यातली पहिली तीन वर्षं अंगणवाडी-बालवाटिकेची. आमच्याकडे पहिलीला येणाऱ्यांसाठी "पहिले पाऊल" म्हणून शाळापूर्व तयारी मेळावा होतो. तिथे लेकरानं रेषेवर चालायचं, चेंडू झेलायचा, चित्र पाहून गोष्ट सांगायची, वस्तू लहान-मोठ्या लावायच्या. आयांना घरी करायची कार्डं देतात. आणि हे सगळं पहिलीच्या लेकरांसाठी, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. त्यावरून मॅडमच्या कागदाचं वजन करा.

अंगणातली_बाई (१३ मार्च)

माझी सून टाइप करून राह्यली, मी सांगून राह्यली.

पऱ्हाटी बाई, खिचडी खाऊन परत येते म्हणून कायले हासता? मी एकोणतीस वर्सं अंगणवाडी चालवली, आता रिटायर आहो. खिचडीसाठी का होईना, लेकरू आपल्या पायानं येते. हात धुते, रांगेत बसते, आपली पाळी येईलोक थांबते, दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही हे शिकते. हे का शाळेच्या बाहेरचं आहे? तुमच्या मॅडमच्या कागदावर "आपली पाळी येईलोक थांबते" असं लिहिलं आहे का? नाही न?

लोकं म्हणतात अंगणवाडी सरकारनं काढली. योजना सरकारची, १९७५ ची, २ ऑक्टोबरची. पण कल्पना ताराबाई मोडक अन् अनुताई वाघांची. १९४५ ले बोर्डीले काम सुरू केलं. लेकरं बालवाडीत येत नव्हती, तं बाया बालवाडी घेऊन पाड्यावरच्या अंगणात गेल्या. अन् ताराबाई लग्नानंतर आपल्या अमरावतीले राहत होत्या, हे आपल्याच लोकायले माहीत नसते. आम्हाले ट्रेनिंगमधी सांगितलं होतं, तेव्हापासून लक्षात आहे.

आता पेन्सिलीचं सांगतो. वाळवणाचे दिवस येऊन राह्यले. मूगवड्या टाकता न घरी? भिजवून वाटलेली डाळ त्याच्या हातात दे. वडी कशी टाकतो आपण? अंगठा, पहिलं बोट अन् मधलं बोट. तीन बोटांत उचलायची, चिमटीत दाबायची, धोतराच्या फडक्यावर सोडायची. पेन्सिल धरायले हीच तीन बोटं लागतात बाप्पा. रोज एक ओळ टाकू दे. वाकडी होईल, होऊ दे, वाकडी वडी का भाजीत कच्ची राहते? मंग काडीवर कणीक गुंडाळून सरगुंडे करशीन तेव्हा त्यालेबी एक काडी दे. तुरीच्या शेंगा सोलायच्या दिवसांत तं लेकरायले बसवाच, आता तो हंगाम गेला. एवढं केलं की जूनमधी त्याच्या हातातली पेन्सिल पाहजो अन् मले सांगजो.

तर्रीबाज (१३ मार्च)

काकूंचा प्रतिसाद दारात फ्रेम करून लावावा असा आहे. शहरात याच कामाला "फाइन मोटर ॲक्टिव्हिटी" म्हणतात आणि महिन्याला तीन हजार घेतात. वड्याही मिळत नाहीत.

वैनगंगाकाठ (१३ मार्च)

मी हरभरा, तूर, वाटाणा एकत्र करून देते आणि वेगवेगळ्या वाट्यांत निवडायला लावते. मोजणंही होतं, रंगही होतात. अर्धा तास गप्प बसते.

पाटोडी (१३ मार्च)

वैनगंगा ताई, तुमच्या त्या "गप्प बसते"ची मला भीती वाटते. माझाही असाच गप्प बसला होता. मी भाकरी थापत होते. नंतर तीन-चार दिवस सारखी एकाच नाकपुडीतून शेंबडाची धार आणि घाण वास. आम्ही सर्दी समजून वाफ देत राहिलो. शेवटी डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, आत हरभरा. ओलाव्यानं फुगून टम्म झालेला! डॉक्टरांनी सांगितलं ते सगळ्यांसाठी लिहिते: घरी पिन, काडी, चिमटा घालायचा नाही, आत ढकलला जातो. पाणी किंवा तेल सोडायचं नाही, दाणा आणखी फुगतो. सरळ दवाखाना. आणि दाणे द्यायचे तर समोर बसून द्यायचे. आम्ही आता आगपेटीच्या काड्या आणि बाटल्यांची मोठी झाकणं देतो.

त्याला विचारलं नाकात का घातलास, तर म्हणाला, "पेरला."

सोयाबीनचा_भाव (१३ मार्च)

शेतकऱ्याचं लेकरू आहे. तुमच्या नाकात ओल तरी होती, आमच्या वावरात तीही नाही.

अकोलेकरीण_पुण्यात (१४ मार्च)

अवांतर आहे, पण भाषेचं कोणीच बोललं नाही. पुण्यात आल्यावर मुलगी भाजीवाल्याला म्हणाली, "काका, सांबार द्या." तो म्हणाला, "बेटा, ते हॉटेलात मिळतं." पुस्तकात कोथिंबीर, घरी सांबार. पुस्तकात टोमॅटो, घरी भेद्र. पुस्तकात शेंगदाणे, घरी फल्ली. शिकवायचं कोणतं?

तर्रीबाज (१४ मार्च)

सांबार हाच मूळ शब्द आहे. कोथिंबीर हे पुण्यात लाडानं म्हणतात.

सेतूवाला (१४ मार्च)

भेद्र नाही, भेदरं.

तर्रीबाज (१४ मार्च)

भेद्र.

सोयाबीनचा_भाव (१४ मार्च)

आमच्याकडे टमाटर. भांडण संपलं.

मोहफूल (१४ मार्च)

हसू आलं, पण माझ्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. मी गडचिरोली जिल्ह्यात शिकवते. पहिल्याच वर्षी एक लहानगी वर्गात सारखं "येर, येर" म्हणत होती. मला वाटलं कोणाला तरी बोलावते आहे. मी म्हणाले, "हो, येईल आई, बस." ती रडायला लागली. दुपारी मदतनीस बाई आल्या आणि त्यांनी तिला पाणी दिलं. गोंडीत येर म्हणजे पाणी. सकाळपासून ती तहानलेली होती आणि मी तिला थांबायला सांगत होते. तेव्हा पहिलं काम मी केलं ते हे, की पाणी, सू, शी, दुखतं, भूक, आई एवढे सहा शब्द गोंडीत वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.

सांगायचं एवढंच की या सहा गोष्टी शाळेत कोणत्या भाषेत बोलायच्या हे लेकराला माहीत हवं, आणि घरी ती कशी बोलते हे बाईंना. पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून द्या: "हा सूला 'लागली' म्हणतो." लाजू नका. इंग्रजी रंग नंतर येतील.

पऱ्हाटी (१४ मार्च)

मोहफूल ताई, तुमच्यामुळे आठवलं. आमचा बाळ्या सू लागली की काहीच बोलत नाही, नुसता एका पायावर उभा राहतो. मला कळतं. मॅडमना काय कळणार?

खडूफळा (१४ मार्च)

घ्या, तीन महिन्यांतलं पहिलं काम सापडलं. तो एका पायावर उभा राहिला तरी तुम्हाला कळलं नाही असं दाखवा. "काय झालं?" म्हणा. तोंडानं सांगेल तेव्हाच उठा. चार वेळा चड्डी ओली होईल, होऊ द्या. उन्हाळाच आहे, वाळते लवकर.

वैनगंगाकाठ (१५ मार्च)

मोबाइलवर पोएम लावून द्याव्या का? आमच्याकडे त्यावरच जेवते. रंग आणि आकडे त्यातूनच शिकली, खोटं कशाला बोलू.

दवाखान्यातली_ताई (१५ मार्च)

मी उपकेंद्रात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं ते असं: ३ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १ तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तेवढं बरं, आणि झोप १० ते १३ तास, दुपारची धरून. आता हिशोब करा. व्हॅन सात-सव्वासातला येणार, म्हणजे सहाला उठणार. दुपारची झोप तासाभराची धरली तरी रात्री नवाच्या आत डोळा लागायला पाहिजे. गावात नऊ वाजता तर टीव्हीवर मालिका जोरात असते. पोएमपेक्षा झोपेची वेळ बसवणं अवघड आहे, ती मेपासूनच अलीकडे आणत या. आदल्या रात्री जमत नाही.

आणखी एक. "ऐकतच नाही", "हट्टी आहे", "चार हाका मारल्या तरी वळत नाही" असं म्हणता ना, त्यातल्या एखाद्या लेकराला खरंच ऐकू कमी येत असतं. मळ, कानाच्या पडद्यामागे साठलेलं पाणी, वारंवार फुटणारा कान. पाठीमागून हळू आवाजात नाव घेऊन पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, २०१३ पासून चालू आहे. त्या दिवशी नेमकं लेकराला शेतात नेऊ नका. तपासणी फुकट आहे, पुढची सोयही तिथूनच होते. आमच्या एका गावातला "येडा" म्हणून हिणवलेला पोरगा असाच निघाला. कानाचे उपचार झाले आणि तीन महिन्यांत असा बोलायला लागला की आई म्हणते, आता गप्प कसा करू?

सोयाबीनचा_भाव (१५ मार्च)

डावखुऱ्यांचं काय? आमची आई पोराच्या डाव्या हातातली भाकर काढून उजव्या हातात देते.

खडूफळा (१५ मार्च)

भाकरीचं आजीशी तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही. पेन्सिल मात्र डाव्यातच राहू द्या.

पऱ्हाटी (२२ एप्रिल)

इंटरव्ह्यू झाला. सांगते.

जाताना मी देवाला नारळ बोलले होते. मॅडमनी आधी नाव विचारलं. त्यानं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, मोठ्यानं, बाहेरच्या शिपाईमावशींनाही ऐकू गेलं. महिनाभर सगळं घर त्याला तेवढ्याच नावानं हाक मारत होतं. सासूबाईंनी मात्र "एवढं लांब नाव घेईलोक लेकरू वावरात पोचते" म्हणून ऐकलं नाही.

मग चित्रं दाखवली. सफरचंदाला ॲपल म्हणाला. मी खूश. मग टोमॅटो दाखवला. हा म्हणाला, "भेद्र." मॅडम बाहेरच्या आहेत, त्यांनी परत विचारलं, "क्या?" हा आणखी जोरात, "भेद्र! तुमच्या घरी नाही का?" शिपाईमावशी दारात तोंडाला पदर लावून हसत होत्या. पेन्सिल दिली तर एक गोल काढला आणि म्हणाला, "ही वडी."

ॲडमिशन झाली. जागा शिल्लक होत्या असं नंतर कळलं. फी भरली तेव्हा तो कागद कोणी विचारलाही नाही.

तर्रीबाज (२२ एप्रिल)

भेद्र! @सेतूवाला, ऐकलं का?

अकोलेकरीण_पुण्यात (२३ एप्रिल)

अभिनंदन. तरी दहा मिनिटांची अक्षरं सोडू नका हं. मी ऐकायची नाही.

पऱ्हाटी (२३ एप्रिल)

नाही सोडली ताई. त्याचं "अ" तो बियाण्याच्या पिशवीवर शोधतो आणि इंग्रजी "ए" एसटीच्या नंबर प्लेटवर. आता वेगळीच चिंता. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्याकडे उन्हामुळे महिन्याच्या शेवटी. म्हणजे ऐन पेरणीत. पहिल्या आठवड्यात त्याला व्हॅनमध्ये बसवून द्यायला मी असेन की वावरात, तेच माहीत नाही.

मोहफूल (२३ एप्रिल)

कोणीही असो, पण पाठ फिरली की पळून जायचं नाही. "तिकडं पाह्य चिमणी" म्हणून आई गायब झाली की लेकरू दुसऱ्या दिवशी चिमणीलाही घाबरतं. सांगून जा, रडला तरी सांगून जा. आणि परत कधी भेटणार ते घड्याळात सांगू नका, त्याला कळत नाही. "डबा खाल्ला, गाणं झालं, की व्हॅन" असं सांगा. आत्ता मेमध्ये मामाच्या घरी दोन-चार तास तुमच्याशिवाय ठेवून बघा.

अंगणातली_बाई (२४ एप्रिल)

अन् व्हॅनमधी आधी एकदा नुसता बसवून आण त्याले. उभ्या व्हॅनमधी. ड्रायव्हर भाऊले नाव सांगू दे.

पऱ्हाटी (११ जुलै)

उशीर झाला, पेरणीत होते. आमच्याकडे दुबार पेरणी टळली, एवढं चांगलं झालं.

पहिले तीन दिवस रडला. व्हॅनच्या खिडकीला नाक लावून, आवाज न करता. त्याच्या मोठ्यानं रडण्याची मी तयारी केली होती, याची नव्हती केली. सांगून गेले रोज, मोहफूल ताई. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पोचवलं, मी तिफणीमागे होते. चौथ्या दिवशी वळून बघितलंही नाही त्यानं. तेव्हा मी रडले, तो भाग सोडा.

गणवेशाची चड्डी बटणाची होती. शिंप्याकडून बटण काढून इलास्टिक घातलं, पन्नास रुपये घेतले. सू तोंडानं सांगतो. पेन्सिल अजून कधी तीन बोटांत, कधी मुठीत. आणि काल डायरीत शेरा आला आहे, सांगा काय करू: "आपला मुलगा इतर मुलांचे डबे उघडतो. कृपया समज द्यावी."

तर्रीबाज (११ जुलै)

@अंगणातली_बाई, काकू, दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही हे शिकते म्हणाला होतात.

अंगणातली_बाई (११ जुलै)

ताटात म्हटलं होतं, डब्यात नाही. पऱ्हाटी, त्याले इचारलं का काहून उघडते?

पऱ्हाटी (१२ जुलै)

विचारलं. म्हणे, "त्यायचं झाकण निंगत नाही, मंग मले म्हणतात." शेजारच्या दोघींचे आणि मागच्या एका मुलाचा असे रोज तीन. खात नाही, उघडून देतो. आज मॅडमना तसं डायरीत लिहून पाठवलं आहे.

पाटोडी (१२ जुलै)

माझ्या पेरणीवाल्याला याच्याच वर्गात टाकते.

वैनगंगाकाठ (१३ जुलै)

उशिरा विचारते, पण मूगवड्यांना डाळ किती वेळ भिजवायची? यंदाच्या माझ्या सगळ्या वड्यांचा भुगा झाला.

अंगणातली_बाई (१३ जुलै)

तीन-चार तास. रातभर ठेवू नको. अन् वाटताना पाणी घालू नको. आता पावसात करू नको, बाई, बुरशी लागते. फाल्गुनात सांगजो.